विधायकांचा वर्षभराचा अहवाल लिहायचाय? आधी "मंजूर" हा शब्द बाहेर काढ

प्रश्न असा आलाय: "काकू, मी दोन महिन्यांपूर्वी इंदूरच्या एका विधायकांच्या, म्हणजे आमदारांच्या, ऑफिसात लागलो. साहेबांनी वर्षभराच्या कामाचा अहवाल बनवायला सांगितलाय, हिंदीत पुस्तिका आणि मराठी घरांसाठी वेगळं मराठी पत्रक. ऑफिसात मागच्या वर्षीची पुस्तिका पडलीय, ४८ पानं, नुसते फोटो. तशीच करू का? त्यात नक्की काय असायला हवं?"

नको करूस तशी. आणि विचारलंस ते फार बरं केलंस, कारण बहुतेक जण विचारतच नाहीत, मागच्या वर्षीची फाइल उघडतात, तारखा बदलतात, फोटो बदलतात आणि प्रेसला पाठवून मोकळे होतात. मी २२ वर्षं हेच काम केलं, दोन वेगवेगळ्या विधायकांकडे. नावं घेत नाही, पक्षही सांगत नाही, इथे त्याची गरज नाही. सुरुवातीचे सहा-सात अहवाल मीसुद्धा तसेच काढले, भूमिपूजन, लोकार्पण, सत्कार, परत भूमिपूजन. मग एक गृहस्थ आले आणि त्यांच्यामुळे माझं सगळं काम बदललं, म्हणून आधी तेच सांगते.

सुदामा नगरकडे राहणारे, बँकेतून रिटायर झालेले. पुस्तिका वाटून आठवडा झाला असेल, सकाळी साडेनऊला ऑफिसात आले. हातात आमचीच पुस्तिका, मधे दुमडलेली, आणि आत प्रत्येक कामासमोर पेन्सिलीने बारीक आकडे. शेवटच्या पानावर साहेबांचा हात जोडलेला फोटो होता, त्याच्या खाली जी पांढरी जागा होती तिथे त्यांनी बेरीज मांडली होती, हातचे वर लिहून, शाळेत मांडतात तशी. ९ कोटी आणि वर काही लाख. मला म्हणाले, "वहिनी, विधायक निधी तर वर्षाला दोन कोटीसुद्धा नाही. मग हे नऊ कोटी कुठून आले तेवढं समजावून सांगा, बाकी माझी काही तक्रार नाही."

मी सांगायला लागले आणि दोन मिनिटांत कळलं की मलाच नीट सांगता येत नाहीये. मग फाइली काढल्या आणि दोघं बसलो, दोन तास. एक मोठा रस्ता होता तो पीडब्ल्यूडीच्या बजेटमधला. पाण्याची टाकी केंद्राच्या योजनेतून निगमने, म्हणजे महानगरपालिकेने, बांधलेली. एका सामुदायिक भवनात अर्धे पैसे पार्षद (नगरसेवक) निधीचे. दोन बागा तर आयडीएच्या, म्हणजे इंदूर विकास प्राधिकरणाच्या, होत्या, आमचं तिथे फीत कापण्यापुरतं जाणं झालेलं. आमच्या निधीतलं म्हणून शेवटी जे निघालं ते दीड कोटीच्या आसपास, आणि त्यातही तीन कामं अशी होती की पुस्तिकेत "मंजूर" लिहिलेलं आणि जागेवर एक टोपलं रेतीसुद्धा पडलेली नव्हती. त्या माणसाने आवाज चढवला नाही. पेन्सिल खिशात घातली, म्हणाले, "हे असंच लिहिलं असतं तर मी आलोच नसतो." दीड कोटीची कामं काही लाज वाटावी अशी नव्हती रे, चांगली कामं होती, आम्हीच ती नऊ कोटींच्या ढिगाखाली गाडून टाकली होती.

तर पहिली गोष्ट. प्रत्येक कामासमोर पैसा कुणाचा ते लिही. विधायक निधी, खासदार निधी, पार्षद निधी, निगम, आयडीए, पीडब्ल्यूडी, केंद्राची योजना, जे असेल ते. आपल्याकडे लोकांना हे वेगळं करून कुणी सांगतच नाही आणि मग दोष तरी कुणाला द्यायचा. ताई, म्हणजे सुमित्राताई महाजन, १९८९ ते २०१९ इथून सलग आठ वेळा खासदार होत्या, त्या सगळ्या काळात मी बघितलंय की लोक नळाची तक्रार घेऊन खासदाराकडे जाणार आणि रेल्वेच्या स्टॉपसाठी आमच्याकडे येणार. आणि शहरातल्या कामांचं तर आणखी गुंतागुंतीचं. आता नळाचंच घे. नर्मदेचं पाणी १९७८ मधे इंदूरला आलं, जलूदहून ७० किलोमीटर वरून पंपाने चढवून आणतात, ती लाइन आणि घरापर्यंतचं वितरण सांभाळायचं निगमने, निगमचे ८५ वॉर्ड आणि प्रत्येकाला आपला पार्षद, योजनेला पैसा राज्याचा आणि केंद्राचा, आणि गल्लीतली लाइन बदलली की फलक मात्र विधायकांचा. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने शहराची ही कामं नगरपालिका-निगमांकडे द्यायची असं ठरलं, म्हणजे गटार, पाणी, दिवे ही विधायकाची कामं कागदावर नाहीतच. पण लोक येतात आणि ते येणारच, त्यांना पाठवून द्यायचं नाही. फक्त अहवालात "आम्ही केलं" आणि "आम्ही करवून घेतलं" हे वेगळं दिसायला हवं. करवून घेणं हे पण कामच आहे, त्यासाठी किती फेऱ्या झाल्या ते लिही की, त्यात कमीपणा कसला.

मेट्रोचा फोटो टाकायचा मोह होईल, मागच्या पुस्तिकेत कदाचित असेलसुद्धा. ३१ मे २०२५ ला गांधीनगर ते सुपर कॉरिडॉरचा पहिला टप्पा सुरू झाला, सहाएक किलोमीटर, पाच स्टेशनं. ते केंद्र आणि राज्य मिळून केलेलं काम आहे, एका विधायकाच्या खात्यात ते लिहिता येत नाही. तसंच बीआरटीएसचं, म्हणजे बससाठी वेगळ्या केलेल्या रस्त्याचं. फेब्रुवारी २०२५ मधे हाय कोर्टाने काढायला सांगितलं, काढायचं काम निगमकडे. साहेबांनी त्याबद्दल सभागृहात काही विचारलं असेल, पत्र लिहिलं असेल तर त्या पत्राची तारीख टाक. नुसता फोटो नको.

आता दुसरी गोष्ट, शीर्षकात लिहिलंय ती. "मंजूर" हा शब्द अहवालातून पूर्ण काढून टाक, कारण त्याचा अर्थ कुणालाच एक लागत नाही. तू नवीन आहेस म्हणून विधायक निधीचं काम कसं चालतं ते सांगते. विधायक चेक फाडत नाही, त्याच्या हातात पैसा येतच नाही. तो लेटरहेडवर अनुशंसा (शिफारस) करतो, अमुक गल्लीत अमुक काम करावं. ती जाते कलेक्टर ऑफिसला, जिल्हा योजना आणि सांख्यिकीवाल्यांकडे. मग काम कुठली एजन्सी करणार ते ठरतं, निगम असेल, पीडब्ल्यूडी असेल, त्यांचा इंजिनिअर जागा बघून एस्टिमेट काढतो, तकनीकी स्वीकृती (मान्यता) होते, मग प्रशासकीय स्वीकृती निघते, मग रक्कम एजन्सीला हप्त्याने, मग टेंडर, मग वर्क ऑर्डर, मग काम, मग पूर्णता आणि उपयोगिता प्रमाणपत्र. या रांगेत कुठेही उभं राहून तू "मंजूर" म्हणू शकतोस आणि खोटंही बोललेला नसतोस, भानगड तिथेच आहे. अनुशंसेचं पत्र गेलं त्या दिवशी कार्यकर्ता फेसबुकवर "मंजूर" टाकतो, लोक दुसऱ्या दिवशीपासून जेसीबीची वाट बघतात, आणि आठ महिने गेले की शिव्या तू खाणार.

म्हणून प्रत्येक कामाला चार शब्दांपैकी एकच शब्द लाव: अनुशंसा झाली, स्वीकृती मिळाली, काम सुरू, काम पूर्ण. आणि सोबत तारीख. तारीख कार्यकर्त्याला विचारून लिहायची नाही, कागदावरून घ्यायची. काम पूर्ण लिहिण्याआधी तू स्वतः जाऊन बघायचं. मी स्कूटीवरून जायचे, एक वही घेऊन, आणि दरवर्षी एक-दोन कामं तरी अशी सापडायचीच की कागदावर पूर्ण आणि जागेवर ब्लॉक अर्ध्या गल्लीतच संपलेले, कारण पुढे कुणाचा तरी चेंबर मधे आला होता आणि ठेकेदार तिथेच थांबला होता. असं सापडलं की त्याच दिवशी इंजिनिअरला फोन, आणि अहवालात ते "सुरू" मधेच.

बरं, हे सगळं झालं निधीचं. आता मी जे सांगणार आहे ते साहेबांना कदाचित लगेच पटणार नाही पण तू हट्ट धर.

विधायक निधी आता वाढलाय, मध्यप्रदेशात वर्षाला अडीच कोटी. विधायक २३०. म्हणजे सगळ्यांचा मिळून ५७५ कोटी. आणि राज्याचं २०२५-२६ चं बजेट ४ लाख २१ हजार कोटींच्या वर. भाग देऊन बघ, शंभर रुपयांतले जेमतेम १४ पैसे होतात. उरलेले ९९ रुपये ८६ पैसे कुठे जाणार ते भोपाळला विधानसभेत ठरतं, आणि आपण लोकांनी ज्याला निवडून दिलं तो तिथे आपल्या वतीने बसलेला असतो. त्याला निवडून दिलं ते त्यासाठी. मग ४८ पानांत बाकं, पेव्हर ब्लॉक आणि हाय मास्टवर ४७ पानं आणि सभागृहावर एक पान, तेही विधानभवनासमोर उभं राहून काढलेल्या फोटोचं, हे मला आता बघवत नाही. उलटं कर. अहवालाची सुरुवातच विधानसभेपासून कर.

काय लिहायचं त्यात? आधी, वर्षात किती दिवस सभागृह बसलं आणि त्यातले किती दिवस साहेब होते. घटनेत फक्त एवढंच आहे की दोन अधिवेशनांमधे सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको, किती दिवस बसायचं ते नाही. त्यामुळे दिवस फार कमी भरतात. २०२४ चं पावसाळी अधिवेशन १ ते १९ जुलै ठरलं होतं आणि ५ जुलैलाच संपलं. आता ज्याने १२ तारखेसाठी प्रश्न लावला होता त्याचा तो दिवसच आला नाही. हे लोकांना सांग, यात कुणाची निंदा नाही, पण लोकांना कळू दे की तिथे बोलायला मिळणारा एकेक तास किती मोलाचा आहे.

मग प्रश्न. हा अहवालातला सगळ्यात भरीव भाग व्हायला हवा आणि बहुतेक ऑफिसांत याचं रजिस्टरसुद्धा नसतं. आधी ते शोध, नसेल तर बनव, विधानसभेच्या साइटवर प्रश्नोत्तरं असतात, एक रविवार घाल आणि साहेबांच्या नावाचे सगळे प्रश्न काढ. तारांकितच्या, म्हणजे तोंडी उत्तर मागणाऱ्या प्रश्नांच्या, यादीत रोज २५ प्रश्न, तासाभरात तोंडी उत्तरापर्यंत पोचतात ते थोडेच, बाकीच्यांचं लेखी उत्तर येतं. पण लेखी उत्तर म्हणजे कमी दर्जाचं असं समजू नकोस, आमची सगळी चांगली कामं लेखी उत्तरांमधूनच निघाली. कारण ते शासनाने सभागृहात दिलेलं उत्तर असतं, त्यात चूक सापडली तर अधिकाऱ्याला जाब द्यावा लागतो.

एक उदाहरण डोळ्यांसमोर आण. आमच्या भागात एका नाल्याच्या कडेला ड्रेनेजची मोठी लाइन टाकायची होती, दर पावसाळ्यात खालच्या तीन गल्ल्यांत चेंबर उलटे व्हायचे, घरात पाणी, तेही कुठलं पाणी ते सांगायला नको, बायका बादल्यांनी उपसायच्या. निगममधे विचारलं की काम प्रगतीत आहे. तीन वर्षं प्रगतीतच. मग प्रश्न लावला. आपल्याकडे प्रश्नाचा साचा ठरलेला असतो, "क्या नगरीय विकास एवं आवास मंत्री महोदय यह बताने की कृपा करेंगे कि" आणि पुढे क, ख, ग, घ असे तुकडे. पहिल्यांदा मी लिहून दिला तो प्रश्न कच्चा होता. उत्तर आलं: (क) जी हाँ. (ख) जानकारी एकत्रित की जा रही है. (ग) प्रश्न उपस्थित नहीं होता. झालं, सहा महिन्यांची मेहनत तीन ओळींत गेली. पण मग शिकले. पुढच्या अधिवेशनात प्रश्न बदलला, "प्रगतीत आहे का" असं विचारलंच नाही, विचारलं की वर्क ऑर्डर कुठल्या तारखेची, मुदत कधीपर्यंतची, आजपर्यंत किती मीटर लाइन पडली, किती रक्कम दिली, उशिराबद्दल ठेकेदाराला दंड लावला का, लावला असेल तर किती, नसेल तर का नाही. आणि मागच्या वेळी जी माहिती गोळा होत होती ती झाली का, हे पण. या वेळी परिशिष्ट आलं, एक पानाचा तक्ता. त्यात दंडाच्या रकान्यात शून्य. ते पान मी झेरॉक्स करून साहेबांच्या हातात दिलं, साहेबांनी ते घेऊन अधिकाऱ्यांच्या बैठकीत फक्त समोर ठेवलं. पंधरा दिवसांत मशीन आली. लाइन पूर्ण व्हायला अजून एक पावसाळा गेला, पण गेली ती एकदाची.

ही गोष्ट अहवालात किती जागा घेते? अर्धं पान. आणि त्या तीन गल्ल्यांतल्या लोकांना पहिल्यांदा कळलं की भोपाळला विचारलेल्या प्रश्नाचा त्यांच्या न्हाणीघराशी काय संबंध आहे. म्हणून सांगते, प्रश्नांची नुसती संख्या छापू नकोस, "वर्षात ६२ प्रश्न विचारले" याने कुणाला काही कळत नाही. पाच-सहा प्रश्न निवड आणि प्रत्येकाचं सांग की काय विचारलं, काय उत्तर आलं, त्यानंतर काय झालं. आणि ज्याचं उत्तर "जानकारी एकत्रित की जा रही है" आलं तेही तसंच छाप, पुढच्या वर्षी त्याचा पाठपुरावा दाखवायला तुलाच उपयोगी पडेल. ध्यानाकर्षण (लक्षवेधी), शून्यकालातल्या सूचना, याचिका, सगळं याच पद्धतीने. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिलं असेल तर त्याची वेगळी नोंद ठेव, आश्वासनांसाठी विधानसभेची स्वतंत्र समिती असते, तिथे ते जिवंत राहतं.

विधेयकांबद्दल लिहिताना थोडी अडचण येते. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने होतात, कुणी कुठल्या बाजूला मत दिलं याची नावानिशी नोंद होत नाही, आणि पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं त्याचा आदेश, मोडला तर १९८५ च्या पक्षांतर कायद्याने पदच जाऊ शकतं. त्यामुळे "साहेबांनी अमुक बाजूने मत दिलं" एवढं लिहून भागत नाही. त्यापेक्षा जे विधेयक आपल्या शहराला लागू होतं ते घे आणि साध्या भाषेत सांग. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात महानगर क्षेत्र नियोजन आणि विकासाचं विधेयक आलं, इंदूर-उज्जैन-देवास-धार मिळून एक महानगर क्षेत्र करायचं त्याचा तो पाया. पुढची वीस-तीस वर्षं कुठे रस्ता निघणार, कुणाच्या शेतातून निघणार, कुठे वसाहत होणार हे त्याच्यावर ठरणार आहे, आणि मी ज्यांना विचारलं त्यातल्या दहापैकी नऊ जणांना असं काही झाल्याचं माहीतच नव्हतं. साहेब त्याच्यावर बोलले का? बोलले असतील तर काय? नसतील बोलले तर आता अहवालात त्यांचं मत मांडू दे. एक पान या एका विधेयकाला दे, दहा बाकांपेक्षा ते पान महत्त्वाचं आहे.

आता राहिलेल्या कामांचं पान. हे पान ऑफिसमधे कुणालाच आवडत नाही. आमच्या पहिल्या साहेबांनी तर साफ नाही म्हटलं होतं, "आपणच आपली उणीदुणी छापायची?" दुसऱ्या साहेबांना मी तीन वर्षं मागे लागून तयार केलं. शेवटून दुसऱ्या पानावर सरळ मथळा, "न झालेली कामं", खाली सात कामं आणि प्रत्येकासमोर कारण. कारण म्हणजे "तांत्रिक कारणांमुळे" असलं नाही, खरं कारण. त्यात एका सरकारी शाळेची बाउंड्री वॉल होती, चार वर्षं अडकलेली, कारण जमीन नजूलची (सरकारी) की शाळेची हेच ठरत नव्हतं आणि एनओसी मिळत नव्हती. पत्रक वाटलं. विरोधकांनी ते पान झेरॉक्स करून चौकात वाटलं, दोन दिवस ऑफिसमधे सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी शाळेच्या मागे राहणारे एक आजोबा आले, पिशवीत जुना नकाशा आणि दानपत्राची नक्कल, त्यांच्या वडिलांनी शाळेला जागा दिली होती तेव्हाची. घरात ट्रंकेत पडली होती, त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं आणि आम्हाला कुणाला विचारायचं ते माहीत नव्हतं. त्यांनी ते पान वाचलं म्हणून आले. भिंत पुढच्या वर्षी "पूर्ण" मधे गेली. तेव्हापासून त्या पानाला साहेबांनी परत कधी नाही म्हटलं नाही.

एक गोष्ट मात्र कधीच छापायची नाही आणि हे मी चुकून शिकलेय, माझी स्वतःची चूक. स्वेच्छानुदानाची, म्हणजे विधायक आपल्या मर्जीने गरजूंना जी मदत देतो तिची, यादी. आमच्या एका अहवालात आम्ही उपचारासाठी मदत दिलेल्यांची नावं, मोहल्ला, आजार आणि रक्कम असा तक्ता छापला, वाटलं की पारदर्शक आहोत. एक वडील आले. त्यांच्या मुलीला फिट्स यायच्या, औषधांसाठी मदत दिली होती. त्यांनी पुस्तिका टेबलावर ठेवली, ते पान उघडलं, आणि काहीच बोलले नाहीत. बराच वेळ. मग एवढंच म्हणाले की मुलीचं ठरत आलं होतं. मला आजही ते पान, तो क्रमांक, सगळं आठवतं. माफी मागितली पण छापलेलं परत घेता येत नाही. तर एकूण किती जणांना, कुठल्या कारणांसाठी, एकूण किती रक्कम, एवढंच लिही. नाव नाही, मोहल्ला नाही, मदत घेतानाचा फोटो तर अजिबातच नाही. हिशेब दाखवायचा तो पैशाचा, लोकांच्या दुखण्याचा नाही.

आता मराठी पत्रकाचं, कारण ते तू खास विचारलंयस. हिंदी पुस्तिकेचं भाषांतर करत बसू नकोस, मराठीतून वेगळंच लिही, चार पानांत. रामबाग, लोकमान्य नगर, टिळक नगर, या भागांतल्या जुन्या घरांत आजी-आजोबा मोठ्याने वाचतात आणि बाकीचे ऐकतात, मी बघितलंय, त्यामुळे वाक्य असं हवं की वाचताना श्वास अडायला नको. आणि शब्द इथले ठेव. पुण्याहून आलेला एखादा म्हणेल आमदार लिहा, नगरसेवक लिहा, प्रशासकीय मान्यता लिहा. आमदार चालेल, सगळ्यांना कळतं, पण आपण घरात विधायक आणि पार्षदच म्हणतो. आणि स्वीकृतीला स्वीकृतीच म्हण, कारण तो माणूस उद्या तेच पत्रक घेऊन कलेक्टर ऑफिसच्या खिडकीवर जाणार आहे, मंगळवारच्या जनसुनवाईत, लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे, दाखवणार आहे, आणि तिथल्या बाबूला "मान्यता" सांगितली तर तो दोनदा विचारेल. पत्रकातला शब्द आणि फाइलवरचा शब्द एकच असला की माणसाचं काम सोपं होतं. एका कोपऱ्यात छोटी चौकट दे, कुठली तक्रार कुठे, निगमची झोनवर, सीएम हेल्पलाइन १८१, आणि ऑफिसचा नंबर. खूप घरांत पत्रकाचा तेवढाच तुकडा कापून फ्रिजवर लावलेला मी पाहिलाय.

बाकी लहानसहान गोष्टी पटापट. छपाईचा खर्च किती आणि कुणी केला ते शेवटी छाप, विधायक निधीतून तो करता येत नाही, तो निधी लोकांच्या कायमच्या उपयोगाच्या कामांसाठी आहे. किती प्रती छापल्या आणि प्रेसचं नाव हेही टाक, निवडणुकीच्या पत्रकांना प्रेसचं नाव कायद्याने लागतं, याला लागत नसलं तरी चांगली सवय आहे. आचारसंहिता लागली असेल तर वाटप थांबव, निगमच्या मागच्या निवडणुका २०२२ च्या जुलैत झाल्या होत्या, पुढच्या वेळेचा अंदाज ठेव. ग्लॉसी कागद नको, त्यावर पेन्सिल चालत नाही, आणि मला तर वाटतं लोकांनी त्यावर लिहावं. फोटो दहापेक्षा जास्त नकोत, आणि त्यात कामाचे असू देत, माणसांचे कमी. ऑफिसातून गेलेल्या पत्रांची संख्या छापतात काही जण, ५ हजार पत्रं, १० हजार पत्रं. जावक रजिस्टर माझ्याच हातात होतं, त्यातली निम्मी पत्रं एकाच मजकुराची असायची. किती पत्रांना उत्तर आलं तो आकडा असेल तर दे, नाहीतर सोड.

आणि वाटून झाल्यावर ऑफिसात बसून राहू नकोस. एका वॉर्डात एक संध्याकाळ, बागेत खुर्च्या टाकायच्या, साहेबांनी पत्रक हातात घेऊन स्वतः वाचायचं, शक्य असेल तर झोनल अधिकाऱ्यालाही बोलवायचं. हार-तुरे नकोत, माइक पुरे. लोक काय विचारतात ते तू वहीत लिहून घे, नाव आणि गल्लीसकट, कारण पुढच्या अधिवेशनाचे चांगले प्रश्न तिथेच मिळतात, मला तर निम्मे तिथेच मिळायचे.

साहेब पहिल्यांदा बिचकतील. त्यांना घाईत काही दाखवू नकोस. आधी प्रश्नांचं रजिस्टर पूर्ण कर, मग मागच्या वर्षीची ती ४८ पानी पुस्तिका घे आणि पेन्सिलीने प्रत्येक कामासमोर लिही की पैसा कुणाचा आणि आज ते कुठल्या टप्प्यात आहे. जिथे माहीत नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाक आणि जाऊन बघून ये. शेवटी बेरीज कर, फक्त आपल्या निधीची. मग ती पुस्तिका तशीच, पेन्सिलीच्या खुणांसकट, साहेबांच्या टेबलावर ठेव आणि ते पानं उलटत असताना समोर बस. कुठे अडलं तर मला कळव, माझ्या जुन्या वह्या अजून आहेत, प्रश्नांचे कच्चे मसुदे पण आहेत, नाव काढून पाठवते.